खुंटीवरचा कोट

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सोमवारी आमच्या लंडनच्या हॅरो भागात पाचच्या आतच दिवेलागण होते. इथं इतकी वर्षं काढली, तरी त्या पहिल्या अंधाऱ्या सोमवारी मला हमखास दोन वास आठवतात. एक, व्हिडिओ रेकॉर्डर बराच वेळ चालला की त्याच्या जाळीतून येणारा तापलेल्या धुळीचा. दुसरा, भोपळ्याच्या घारग्यांचा. हे दोन वास एकत्र कसे आले ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे, माहीत आहे असं त्यांना वाटायचं. त्यांना ठाऊक असलेली हकिगत निम्मी खोटी होती, आणि ती खोटी राहू दिली ती मी.

मी मुळात कमी बोलणारा माणूस. बायको म्हणते, तुझ्याकडून वाक्य काढायचं म्हणजे नारळ खवण्यासारखं आहे, खाली विळी लागते. तर आता माझा मीच विळी घेऊन बसलोय.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली. आमचं घर सेमी-डिटॅच्ड, एका भिंतीला दोन संसार. पलीकडे एक वयस्कर इंग्रज बाई राहायच्या. त्यांच्या नवऱ्याला टीव्हीवरचे कार्यक्रम टेप करायचा नाद होता, आणि त्यातही हॅलोवीनचे. ऐंशीच्या दशकापासून दर ऑक्टोबरअखेरीस जे काही भुताखेताचं लागेल, नवं असो की पुन्हा दाखवलेलं जुनं, ते त्यांनी कॅसेटींवर भरून ठेवलं होतं. ते गेल्यावर बाई समुद्रकाठच्या एका गावी बहिणीकडे राहायला निघाल्या, आणि जाण्याआधी एक खोका आमच्या दारात आणून ठेवला. आमच्या घरात हे बघायला कधी लहान मूल नव्हतं, आता तुमची लेक बघू दे, एवढंच म्हणाल्या.

लेक तेव्हा प्रायमरी स्कूलात होती. शाळेला हाफ-टर्मची सुट्टी नेमकी त्याच आठवड्यात. बायको हाय स्ट्रीटवरच्या एका फार्मसीत काम करायची आणि तिची संध्याकाळची पाळी असे, त्यामुळे मी ऑफिसातून लवकर निघून, मेट्रोपॉलिटन लाईनच्या ट्रेननं घरी येऊन, लेकीच्या ताब्यात जायचो. ती सोफ्यावर तयार बसलेली असायची. तिचे नियम होते. मोठा दिवा बंद. पडदे उघडे, कारण बाहेरून भूत बघतंय असं वाटलं पाहिजे. आणि मधे चिवड्याचा वाडगा. दिवाळीसाठी तिच्या आईनं डब्यात भरून ठेवलेला चिवडा आम्ही वरून हलक्या हातानं चोरायचो आणि डबा हलवून पातळी सारखी करून ठेवायचो.

त्या कॅसेटींची गंमत अशी की त्यांत नुसते कार्यक्रम नव्हते. मधल्या जाहिरातीसुद्धा होत्या, कस्टर्डच्या, गालिच्यांच्या, कुठल्याशा खोकल्याच्या औषधाच्या. एक गोल आवाजाचा निवेदक कार्यक्रमाआधी सांगायचा की ज्यांचं काळीज कच्चं आहे त्यांनी उशी जवळ घेऊन बसावं. लेकीला ते सगळं पाठ झालं होतं. निवेदक बोलायला लागला की ती त्याच्याबरोबर बोलायची आणि मला उशी द्यायची.

सगळ्यात तिच्या आवडीचा होता मुलांच्या कार्यक्रमाचा एक जुना भाग. त्यात स्वेटर घातलेला निवेदक हॅलोवीनसाठी दिवा कसा कोरायचा ते दाखवतो. पण तेव्हा इथं भोपळे सरसकट मिळत नसत, त्यामुळे तो कोरतो टर्निप. टर्निप हे दगडासारखं कंदमूळ. तो घाम येईपर्यंत खरवडतो, चमचा वाकतो, दुसरा चमचा वाकतो, आणि शेवटी तो कॅमेऱ्याकडे बघून अत्यंत सभ्य आवाजात म्हणतो की घरी मोठ्यांची मदत घ्या. या जागी लेक दर वेळी लोळायची. दुसरा होता एका विनोदी मालिकेचा हॅलोवीनचा भाग. समुद्रकाठी बोर्डिंग हाऊस चालवणाऱ्या दोन बहिणी, आणि त्यांच्याकडे उतरलेलं एक भूत, ज्याची तक्रार एवढीच की टोस्ट गार असतो. बहिणी त्याला घाबरतच नाहीत. जिन्यात राख सांडू नका म्हणून रागावतात.

तिसरा मात्र वेगळा होता. शेकोटीपाशी खुर्चीत बसून एक गृहस्थ गोष्ट सांगायला लागतो आणि मग ती दिसायला लागते, अशा धर्तीची ती मालिका. गोष्ट साधीच. एक जोडपं नव्या घरात राहायला येतं. दाराजवळच्या पॅसेजमध्ये खुंट्यांची रांग. शेवटच्या खुंटीवर एक कोट. नवऱ्याला वाटतं बायकोनं आणला, बायकोला वाटतं आधीच्यांचा राहिला. दुसऱ्या दिवशी कोट एक खुंटी अलीकडे. मग आणखी एक. रक्त नाही, किंकाळी नाही, संगीतसुद्धा जवळजवळ नाही. फक्त तो कोट रोज बेडरूमच्या दाराकडे एकेक खुंटी सरकतो.

लेकीला ही गोष्ट संथ वाटायची. ती जांभई द्यायची.

माझी मात्र पाचावर धारण बसली. हे मी पहिल्यांदाच कुठं तरी स्पष्ट लिहितोय. चाळिशीला टेकलेला, बँकेच्या सिस्टिम्स सांभाळणारा, टाय लावून ट्रेनमध्ये उभा राहणारा माणूस, आणि त्या संध्याकाळनंतर मला माझ्याच घराच्या पॅसेजमध्ये कोट अडकवता येईना. दार उघडलं की मी अंग चोरून आत शिरायचो आणि कोट थेट सोफ्यावर टाकायचो. बायको चिडायची. खुंट्या काय शोभेला लावल्यात का, म्हणायची. मी म्हणायचो, ओला आहे. इंग्लंडमध्ये हे कारण बाराही महिने चालतं.

कोटाचंच भय का, याला कारण आहे. पुण्यात आम्ही दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो. माझ्या वडिलांचा खाकी रेनकोट दाराजवळच्या खुंटीवर असे, टोपीसकट. दिवा मालवला की तो माणूस व्हायचा. मी कुणाला काही बोललो नाही, पण आईनं ओळखलं. तिनं तो रेनकोट रोज संध्याकाळी उचलून कपाटात ठेवायला सुरुवात केली. वडील सकाळी शोधत बसायचे आणि वैतागायचे. आई म्हणायची, भिंतीला ओल धरते, मला नाही चालत. ओल वगैरे काही नव्हती. वडील तिला कटकटी म्हणायचे, आणि ती पोळ्या लाटत ऐकून घ्यायची.

वडील गेल्यावर पुढच्या वर्षी आई आमच्याकडे आली. सहा महिन्यांच्या व्हिजावर, पहिल्यांदाच देशाबाहेर. ऑक्टोबरच्या मध्यावर आली. त्या वर्षी दिवाळी आणि हॅलोवीन अगदी पाठोपाठ होते. आम्हा सगळ्यांच्या मनात एकच होतं, की आजी आणि नात एकमेकींना ओळखू देत. त्याआधी त्या दोघींची ओळख फोनवरची. लेकीचं मराठी मोडकंतोडकं, आणि आईचं इंग्रजी थँक्यूपाशी संपायचं. आईचं वय बघता असे सहा महिने पुन्हा मिळतील याची खात्री नव्हती.

पहिले दोन-तीन दिवस छान गेले. मग लेकीनं विचारलं, या वेळी आजीलापण कॅसेटी दाखवायच्या ना? आजी माझा शेजारी बसेल.

माझ्या मनात कोट सरकायला लागला होता. त्या वर्षी मी ऑक्टोबर उजाडल्यापासून पळवाट शोधत होतो. लेकीसमोर मी भितो म्हणायचं, तर तिच्या लेखी मी घरातला तो माणूस होतो जो कोळी उचलून बागेत सोडतो. आणि पळवाट समोरच बसली होती, खुर्चीत, मफलर गुंडाळून, वाती वळत.

मी हळूच म्हणालो, "आजीला असलं आवडत नाही. दिवाळीच्या तोंडावर भुतंखेतं नकोत म्हणते ती."

एवढंच. वाक्य एक, आणि तेही मी ठरवून बोललो. आई असं काही म्हणाली नव्हती. लेकीनं वाद घातला नाही. ती शहाणी मुलगी, तिनं स्वतःच तो खोका ओढत नेला आणि जिन्याखालच्या कपाटात व्हॅक्यूम क्लीनरच्या मागे ठेवला. मला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी मी बेफिकीर होऊन बातम्या पाहिल्या.

मग घरात एक गारवा शिरला. लेक आजीशी वाईट वागली असं नाही. पण ती आजीसमोर सावध झाली. शाळेत वटवाघळाचं चित्र काढलं ते तिनं बॅगेतून बाहेर काढलं नाही. चेटकिणीची टोपी घालून बघताना आजी आली तर चटकन मागे लपवायची. आजीनं गोष्ट सांगू का विचारलं की होमवर्क आहे म्हणायची. हाफ-टर्मच्या सुट्टीत.

आईच्या ते लक्षात आलं. ती मला एकटं गाठून विचारू लागली, माझं काही चुकतं का रे? पोरगी माझ्याशी अवघडते. मी म्हणालो, मराठीची लाज वाटते तिला, होईल हळूहळू. हे दुसरं खोटं. पहिल्याला टेकू म्हणून लावलेलं. बायकोनंही विचारलं, तेव्हा म्हणालो, आई जरा सोवळी आहे, तुला माहीत आहे. बायको म्हणाली, मला तर नाही कधी वाटल्या तशा. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

मग एका सकाळी मी डबा भरत असताना आई स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली की तिकीट अलीकडे घेता येतं का बघ. दिवाळी झाली की जाते म्हणते. इथं थंडी सोसत नाही.

आईला थंडी सोसत नव्हती हे खरं नव्हतं. ती रोज सकाळी शाल घेऊन बागेत जायची आणि कोल्ह्याच्या पावलांचे ठसे बघून यायची. मी बघतो म्हणालो आणि ट्रेनला निघालो. त्या दिवशी ट्रेनमध्ये बसायला जागा होती, तरी मी स्टेशनांमागून स्टेशनं उभाच होतो. सांगायला हवं होतं हे मला कळत होतं. एका वाक्यानं मोडलेलं दुसऱ्या एका वाक्यानं जोडता आलं असतं. पण मी असा माणूस आहे की जो कामावरून तिकिटाची चौकशी करायला खरोखर फोन उचलतो. एजंट म्हणाला, होऊन जाईल.

हॅलोवीनच्या दिवशी मी घरी आलो तेव्हा बाहेर पोरांचे घोळके फिरायला लागले होते. दार उघडलं, कोट काढला, सवयीनं सोफ्यावर टाकला आणि थबकलो. स्वयंपाकघरात टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर लेकीनं सुपरमार्केटमधून आणवलेला मोठा नारिंगी भोपळा. एका बाजूला लेक, डोळे रडून लाल. दुसऱ्या बाजूला आई, आणि आईच्या हाताखाली दाबून धरलेली सुरी. दोघी एकमेकींकडे न बघता माझी वाट बघत होत्या.

लेक म्हणाली, "बाबा, आजी कापू देत नाही. तिला हॅलोवीन आवडत नाही म्हणून."

आई म्हणाली, "अरे, मी कुठं नको म्हणते? बाईमाणसानं अख्ख्या भोपळ्याला पहिली सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषानं लावायची, मग आम्ही हवा तसा चिरू. तू येईपर्यंत थांब एवढंच सांगत होते. तिला कळेना, मला सांगता येईना."

हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे कोहळा असो की भोपळा, आई ताटात घेऊन वडिलांपुढे धरायची. ते पेपरातून डोकं न काढता एक चीर पाडायचे आणि पुन्हा पेपरात जायचे. तसं का, हे आईलाही धड सांगता यायचं नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं काहीतरी पुटपुटायची. इथं बायको भोपळ्याचे कापलेले तुकडे पाकिटातून आणते, त्यामुळे हा नियम आमच्या घरात कधी आलाच नव्हता. तो आता आईबरोबर आला होता आणि माझ्या खोट्याला त्यानं पुरावा पुरवला होता. लेकीच्या दृष्टीनं आता शंकाच उरली नव्हती.

आईनं सुरी माझ्यापुढे केली. मी भोपळ्याला एक चीर पाडली.

लेक माझ्याकडे बघून म्हणाली, "पण आजीला आवडत नाही तर तू कशाला कापतो? तूच म्हणाला होता. भूत नको, दिवाळी आहे, म्हणून मी सगळा टेप ठेवून दिला."

आईनं विचारलं, "कसल्या टेप?"

लेकीनं तिच्या मोडक्या मराठीत सगळं सांगितलं. शेजारच्या बाई, खोका, टर्निप, दोन बहिणी. आणि कोट. कोटाची गोष्ट ती हात हलवून सांगायला लागली, एक खुंटी, मग दुसरी खुंटी, आणि आई ऐकता ऐकता माझ्याकडे बघायला लागली. मग तिची नजर माझ्यावरून बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर गेली. तिथं माझा कोट पडला होता. पॅसेजमधल्या खुंट्या रिकाम्या होत्या.

मला माहीत आहे की तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, पण रेनकोट कपाटात ठेवताना ती जशी दिसायची तशी दिसली. आणि मी बोलणार त्याआधी, म्हणजे मी बोलणार होतो असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलोय, तीच बोलली.

"हो गं. म्हणाले होते मी तसं. चुकलंच माझं. मला वाटलं काहीतरी अभद्र असेल. टोस्ट मागणारं भूत असेल तर मला बघायचंय."

लेकीनं तिच्याकडे बघितलं. "खरंच?"

"खरंच. पण आधी याचा गर काढू. फेकायचा नाही बरं का, घारगे करते."

मी उभा होतो, हातात सुरी होती, आणि मी गप्प राहिलो. गप्प राहण्याचं बक्षीस म्हणून त्या संध्याकाळी मला गरम घारगे मिळाले.

त्या दोघींनी मिळून भोपळा कोरला. आईनं खोबरं खवल्यासारखा गर काढला, एकही चमचा न वाकवता. लेक तिला म्हणाली की तू टीव्हीवर पाहिजे होता. भोपळ्याचे डोळे आईनं काढले ते गणपतीच्या डोळ्यांसारखे लांबट आणि शांत निघाले. ते भूत कुणाला भिववणारं नव्हतंच. दारात ठेवल्यावर ट्रिक-ऑर-ट्रीट म्हणत दारोदार खाऊ मागायला आलेली पोरं त्याच्याकडे जरा गोंधळून बघायची आणि आईनं दिलेले घारगे त्याहून गोंधळून घ्यायची. एका मुलाची आई परत आली आणि आणखी आहेत का विचारून गेली.

मग खोका बाहेर आला. पडदे उघडे, दिवा बंद, चिवडा मधे. त्या वर्षी चिवडा चोरावा लागला नाही, आजीनंच वाढला. टर्निपवाला निवेदक आला तेव्हा आई म्हणाली, अरे, उकड आधी त्याला. बोर्डिंग हाऊसच्या बहिणी तिला फारच आवडल्या. शब्द कळत नव्हते, पण थोरली धाकटीला कशी टोमणे मारते ते तिला बरोबर कळत होतं, आणि ती लेकीला मराठीत सांगत होती. लेक तिला इंग्रजीतलं सांगत होती. दोघींचं मिळून एक अख्खं भाषांतर होत होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं.

कोटाची गोष्ट लागली. मी सोफ्याच्या कडेला, उशी मांडीवर. आई नीट पुढे वाकून बघत होती. कोट तिसऱ्या खुंटीवर आला तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "कुणी घालतच नाहीये रे त्याला. गारठला असेल बिचारा."

लेक हसत सुटली. मग मीही. आणि ज्या गोष्टीनं मला वर्षभर पॅसेजमधून अंग चोरून चालायला लावलं होतं, ती माझ्या डोळ्यांदेखत एका गारठलेल्या कोटाची गोष्ट होऊन गेली. मी बरा झालो असं म्हणणार नाही. पण त्यानंतर कोट सरकला की मला आईचा आवाज ऐकू येतो, आणि आवाज असला की बरं असतं.

बायको कामावरून आली तेव्हा आम्ही तिघं अंधारात बसलो होतो आणि घरभर गूळ-वेलचीचा नि तापलेल्या रेकॉर्डरचा वास होता. ती दारातच म्हणाली, "दिव्याचं बिल मी भरते का एकटी?" मग घारगा घेऊन आमच्यात बसली.

दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला. मी सांगितलं, राहू दे, तिकीट बदलायचं नाही. आई मार्चअखेरीपर्यंत राहिली. नंतर आणखी तीनदा आली आणि दर वेळी ऑक्टोबर साधून आली. ती नसेल त्या वर्षी लेक तिला फोनवरून सांगायची की आता टर्निप आलं, आता बहिणी आल्या. रेकॉर्डर मोडला, तेव्हा आम्ही हॅरोभर हिंडून सेकंडहँड मिळवला. नव्या डिजिटल बॉक्सवर जुने कार्यक्रम पुष्कळ लागायचे, स्वच्छ आणि जाहिरातींशिवाय. लेकीला ते पचायचे नाहीत. कस्टर्ड कुठाय, विचारायची.

त्या वर्षांबद्दल माझी तक्रार काहीच नाही. खरं सांगायचं तर माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची संध्याकाळ असावी. म्हणूनच खुपते. कारण त्या संध्याकाळची जी हकिगत घरात रूढ झाली ती अशी, की आजीला भुतंखेतं पसंत नव्हती, पण नातीसाठी तिनं आपला हट्ट सोडला. लेक ही गोष्ट मैत्रिणींना सांगायची. शाळेत निबंध लिहिला त्यातही तेच. पाहुण्यांपुढे सांगायची, आणि मी बाजूला बसून चहा प्यायचो. लोक आईला म्हणायचे, तुम्ही मोठ्या मनाच्या. मोठं मन तर होतंच, पण ते ज्याच्यासाठी मोठं केलं तो चहा पीत होता.

गेल्या ऑक्टोबरात लेक घरी आली होती. आता ती नोकरी करते, दुसऱ्या शहरात राहते, पण हॅलोवीनला येते. तिनं बरोबर आलेल्या नवऱ्याला आजीची ती गोष्ट सांगायला घेतली. त्याच्या हातात चिवड्याचा वाडगा, नियम त्याला समजावून झाले होते. ती म्हणाली, "माय ग्रॅन हेटेड ऑल धिस," आणि मी म्हणालो, "नाही."

मग मी सांगितलं. जसं इथं लिहिलंय तसं, पण याहून वाईट, अडखळत. कोट, रेनकोट, ते एक वाक्य, तिकिटाची चौकशी. जावई चिवडा खायचा थांबला.

 लेक म्हणाली, "म्हणजे आजीला पहिल्यापासून चाललं असतं?"

"हो."

"मग ते दिवस वायाच गेले. मी तिच्यापासून टोपी लपवत होते, बाबा."

ती रागावली होती, थोडी, आणि तिनं रागवावं हेच बरोबर होतं. मग तिनं फोन काढला आणि पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे उशीर झाला होता, पण आईची झोप आता तशीही नावालाच. स्क्रीनवर आधी कपाळ आलं, मग चष्मा, मग सगळी आई.

लेकीचं मराठी आता बरं झालंय. तिनं सरळ विचारलं, "आजी, खरं सांग. तुला भुताच्या कॅसेटी आवडत नाहीत असं तू बाबाला कधी म्हणाली होतीस का?"

आईनं क्षणाचाही विलंब लावला नाही. "म्हणाले होते की. दिवाळीच्या तोंडावर कसलं ते अभद्र, म्हटलं. तू बसवलंस म्हणून गोडी लागली."

लेकीनं फोन जरा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. माझी पंचाईत अशी झाली की मला खरं ठरायचं असेल तर आईला खोटं पाडायला हवं होतं, आणि तेही पंच्याऐंशीच्या घरातल्या, इतक्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्या आईला.

मी म्हणालो, "आई, मी सांगितलंय तिला सगळं."

तिकडे आईनं चष्मा नीट केला. मग लेकीला म्हणाली, "त्याचं काही ऐकू नकोस. आणि हे बघ, तुझी आई पाळीवर असेल तर पॅसेजमधला दिवा चालू राहू दे म्हणावं. घर अंधारं असलं की त्याला…" आणि थांबली.

लेक हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले, पण हसणंच जास्त होतं. आईही हसली, चोरी पकडल्यासारखी, पदर तोंडाला लावून. फोनवरचं मराठी जावयाला काहीच कळलं नव्हतं, त्याला मी नंतर सांगेन म्हटलं, आणि या खेपेला खरंच सांगितलं.

फोन तसाच चालू ठेवून लेकीनं तो टीव्हीकडे तोंड करून चिवड्याच्या वाडग्याला टेकवला. उठून पॅसेजमधला दिवा लावला. सोफ्यावरचा माझा कोट उचलला, बाहेर नेला आणि शेवटच्या खुंटीवर अडकवून आली. मी तिला थांबवलं नाही.

तिनं कॅसेट आत ढकलली. निवेदक म्हणाला, ज्यांचं काळीज कच्चं आहे त्यांनी उशी जवळ घ्यावी. लेकीनं उशी माझ्याकडे फेकली आणि वाडग्यामागून आई म्हणाली, "टर्निप आधी लाव गं. कोट शेवटी."